आफ्रो-डॉमिनिकन इतिहास, वारसा आणि ओळख: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

न्यूयॉर्क-न्यू जर्सीत डॉमिनिकन शेजार असलेले वाचक, पुण्या-मुंबईत बचाता हा डॉमिनिकन नाच शिकणारी मंडळी आणि इतिहासाचे विद्यार्थी यांच्याकडून हे प्रश्न सारखे येत असतात. सोपे प्रश्न आधी घेतले आहेत, गुंतागुंतीचे शेवटी. जे एका उत्तरात आलं आहे ते दुसऱ्यात पुन्हा लिहिलेलं नाही. तिथे फक्त प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. डॉमिनिकन रिपब्लिक आणि डॉमिनिका एकच का?

नाही. डॉमिनिकन रिपब्लिक हा हिस्पॅनिओला बेटाच्या पूर्वेकडचा सुमारे दोन-तृतीयांश भाग, पश्चिमेला हैती. राजधानी सांतो दोमिंगो, भाषा स्पॅनिश. डॉमिनिका हा लेसर अँटिलीसमधला इंग्रजी भाषेचा वेगळा, छोटा बेटदेश आहे. ऑनलाइन फॉर्मच्या यादीत दोन्ही नावं एकाखाली एक येतात, तेव्हा बघून निवडा.

२. आफ्रो-डॉमिनिकन नेमकं कोणाला म्हणायचं?

हा शब्द दोन अर्थांनी वापरतात आणि बहुतेक वाद त्यातूनच होतात. पहिला अर्थ वंशाचा: ज्यांच्या पूर्वजांत आफ्रिकन माणसं आहेत ते सगळे. या अर्थाने देशातली बहुसंख्य जनता आफ्रो-डॉमिनिकन आहे. दुसरा अर्थ ओळखीचा: जे स्वतःला जाणीवपूर्वक तसं म्हणवतात ते. ही संख्या बरीच लहान आहे, पण वाढते आहे, विशेषतः परदेशात वाढलेल्या तरुणांत. भारतीय वाचक अनेकदा 'एखाद्या भागात वेगळी राहणारी जमात' असं चित्र डोळ्यांसमोर आणतात. तसं ते नाही. कुठल्याही डॉमिनिकन गावातला वाणी, शिक्षिका, पोलीस, आमदार यांच्यापैकी कोणीही या व्याख्येत बसू शकतो.

आफ्रिकन वारसा तीन वाटांनी आला: वसाहतकाळातले गुलाम आणि त्यांचे वंशज (प्रश्न ३), एकोणिसाव्या शतकात आलेले इंग्रजीभाषक कृष्णवर्णीय (प्रश्न ८) आणि हैतीहून आलेले (प्रश्न ६ आणि १५).

३. आफ्रिकन लोक तिथे कधी आणि कसे पोहोचले?

अमेरिका खंडात युरोपीय वसाहतीत आफ्रिकन माणूस प्रथम आला तो इथेच. १५०२ मध्ये गव्हर्नर निकोलास दे ओवांदो याच्या ताफ्याबरोबर स्पेनमधून काही आफ्रिकन आणले गेले. पुढच्याच वर्षी ओवांदोने राजदरबाराला लिहिलं की आता आणखी पाठवू नका, हे पळून ताइनो लोकांना जाऊन मिळतात. ताइनो म्हणजे बेटाचे मूळ रहिवासी. सक्तीची मजुरी आणि देवीची साथ यांमुळे काही दशकांतच त्यांचा समाज मोडून पडला. दरम्यान उसाचे मळे वाढत होते. १५१८ पासून थेट आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून माणसं आणण्याचे परवाने मिळू लागले आणि शतकाच्या मध्यापर्यंत बेटावर आफ्रिकनांची संख्या स्पॅनिशांपेक्षा जास्त झाली.

सतराव्या शतकात साखरेचा धंदा बसला. मग उरली ती गुरं पाळण्याची गरीब अर्थव्यवस्था. गोरा मालक आणि त्याचा गुलाम एकाच कुरणात, जवळजवळ सारख्याच हलाखीत राहू लागले. मुक्त झालेले आणि मिश्रवंशीय लोक बहुसंख्य झाले. क्यूबा किंवा शेजारच्या फ्रेंच सां-दोमांगपेक्षा (म्हणजे आजच्या हैतीपेक्षा) इथला समाज वेगळा घडला तो यामुळे. प्रश्न ७ चं उत्तर समजायला हा मुद्दा लक्षात असू द्या.

४. गुलामांनी प्रतिकार केला की नाही? शाळेत तर हैतीच्या क्रांतीपलीकडे काही शिकवत नाहीत.

केला, आणि हैतीच्या क्रांतीच्या पावणेतीनशे वर्षं आधी. १५२१ च्या नाताळात कोलंबसाचा मुलगा दिएगो कोलोन याच्या उसाच्या मळ्यावर गुलामांनी उठाव केला. त्यात सेनेगल भागातले वोलोफ लोक पुढे होते. अमेरिका खंडातला हा नोंद असलेला पहिला मोठा गुलाम-उठाव. तो चिरडल्यावर जानेवारी १५२२ मध्ये गुलामांवर नियंत्रणाचे नियम काढले गेले. कोणी किती दिवस गायब राहिला तर कोणती शिक्षा, शस्त्र कोणी बाळगायचं, हे सगळं त्यांत आहे. मालक किती घाबरले होते ते हे नियम वाचताना कळतं.

पळून डोंगरात गेलेल्यांना सिमारोन म्हणत आणि त्यांच्या लपलेल्या वस्त्यांना मानिएल. बाओरुकोच्या डोंगरात अशा वस्त्या पिढ्यान्पिढ्या टिकल्या. १५४० च्या दशकात सेबास्तिआन लेंबा हा त्यांचा सर्वांत गाजलेला म्होरक्या. सांतो दोमिंगोत म्युसेओ देल ओम्ब्रे दोमिनिकानो या संग्रहालयासमोर त्याचा पुतळा आहे. १६७० च्या दशकात फ्रेंच बाजूकडून पळून आलेल्यांना स्पॅनिशांनी राजधानीजवळ वसवलं. ते गाव म्हणजे आजचं लोस मिना, सांतो दोमिंगो एस्तेमधला गजबजलेला भाग. १७९६ मध्ये बोका दे निगुआच्या साखर कारखान्यातही उठाव झाला. त्या कारखान्याचे दगडी अवशेष राजधानीच्या पश्चिमेला आजही उभे आहेत. पर्यटक सगळे जुन्या शहरात फिरतात. हे अवशेष पाहायला फार कमी जण जातात. ते पाहिल्याशिवाय जुनं शहर कोणाच्या श्रमावर उभं राहिलं ते कळत नाही.

५. गुलामगिरी १८०१ मध्ये संपली की १८२२ मध्ये? दोन्ही वर्षं वाचायला मिळतात.

दोन्ही बरोबर आहेत. १८०१ मध्ये सां-दोमांगमधल्या क्रांतीचा नेता तूसां लूव्हेर्त्यूर सांतो दोमिंगोत शिरला आणि त्याने गुलामगिरी रद्द केली. १८०२ मध्ये नेपोलियनच्या फौजांनी ती पुन्हा लादली. १८०९ मध्ये स्पेनची सत्ता परतली, गुलामगिरी तशीच राहिली. फेब्रुवारी १८२२ मध्ये हैतीचा अध्यक्ष जाँ-पिएर ब्वाये याने पूर्वेकडचा भाग हैतीला जोडला, तेव्हा ती कायमची गेली. थोडक्यात, पूर्वेकडच्या गुलामांना दोन्ही वेळा स्वातंत्र्य मिळालं ते हैतीकडून आलेल्या फौजांमुळे.

६. मग डॉमिनिकन लोक स्वातंत्र्यदिन हैतीपासून सुटका झाली म्हणून का पाळतात? वैर कुठून आलं?

२७ फेब्रुवारी १८४४ ला देश हैतीपासून वेगळा झाला, हे खरं. ब्वायेच्या राजवटीत कर, जमिनीचे कायदे, चर्चची मालमत्ता आणि भाषा यांवरून असंतोष साचला होता. पण या लढ्याला 'गोरे विरुद्ध काळे' म्हणणं चुकीचं आहे. संस्थापक त्रयीतला फ्रान्सिस्को देल रोसारिओ सांचेस स्वतः आफ्रिकन वंशाचा होता. त्याच आठवड्यात मोंते ग्रांदे इथल्या मुक्त झालेल्या लोकांनी हत्यारं उचलली, कारण नवं सरकार गुलामगिरी परत आणेल अशी त्यांना धास्ती होती. तसं होणार नाही अशी ग्वाही सरकारला द्यावी लागली. १८६१ मध्ये देश पुन्हा स्पेनच्या हाती दिला गेला, तेव्हा हीच भीती परतली. शेजारच्या क्यूबा आणि पोर्तो रिकोमध्ये स्पेनने गुलामगिरी चालूच ठेवली होती. १८६३ ते १८६५ च्या युद्धात स्पेनला हाकललं गेलं आणि त्या लढ्यातला एक मोठा सेनानी ग्रेगोरिओ लुपेरोन हाही कृष्णवर्णीयच.

हैतीद्वेषाला सरकारी धोरणाचं रूप दिलं ते राफाएल त्रुहियोच्या हुकूमशाहीने (१९३० ते १९६१). ऑक्टोबर १९३७ मध्ये सीमाभागात त्याच्या सैन्याने हैतीवंशीयांची कत्तल केली. मृतांच्या आकड्यांचे अंदाज काही हजारांपासून वीस हजारांच्या पुढे जातात. स्पॅनिशमध्ये 'पेरेहिल' म्हणजे पार्सली हा शब्द नीट उच्चारता येतो का यावरून माणसं वेगळी काढल्याची आठवण सांगितली जाते. मेलेल्यांत सीमेच्या अलीकडे जन्मलेलेही होते. पाठ्यपुस्तकांनी आणि भाषणांनी पुढे तीस-चाळीस वर्षं 'आपण स्पॅनिश, ते आफ्रिकन' हे लोकांच्या मनावर ठसवलं. त्रुहियोच्या स्वतःच्या आजोळी हैतीचं रक्त होतं.

७. डॉमिनिकन लोक स्वतःला 'काळे' म्हणत नाहीत, 'इंदिओ' म्हणतात. हा वारसा नाकारणं नाही का?

सर्वांत जास्त येणारा प्रश्न. घाईने निकाल देऊ नये असं आम्हाला मनापासून वाटतं.

बोलीत रंगाच्या छटांना बरेच शब्द आहेत: ब्लांको, हाबाओ, त्रिगेन्यो, इंदिओ क्लारो, इंदिओ ओस्कुरो, मोरेनो, नेग्रो, प्रिएतो. एकाच घरातल्या चार भावंडांना चार शब्द लागू शकतात. 'इंदिओ' (शब्दशः 'इंडियन', म्हणजे अमेरिकेतला मूळनिवासी) म्हणणारा माणूस बहुतेकदा ताइनो वंशाचा दावा करत नसतो. तो गव्हाळ ते सावळा रंग सांगत असतो. 'मी नेग्रा' (स्पॅनिशमध्ये 'मी' म्हणजे 'माझी') हे शब्द नवरा बायकोला प्रेमाने म्हणतो.

पण या शब्दांना राजकारण चिकटलेलं आहे. प्रश्न ३ मध्ये सांगितल्याप्रमाणे मुक्त मिश्रवंशीय समाजात 'काळा' म्हणजे 'गुलाम' असा अर्थ रुजला. पुढे 'काळा' म्हणजे 'हैतीचा' असं झालं. त्रुहियोच्या राजवटीत ओळखपत्रावर 'इंदिओ' हा रंग सरकारी शिक्क्यासह छापला जाऊ लागला. म्हणजे साध्या माणसाने स्वतःहून वारसा लपवला असं नाही. त्याच्या हातात जो कागद दिला गेला त्यावर सहसा हाच शब्द असे. केसांबाबतचा भेदभाव मात्र आजही टोचतो: कुरळ्या केसांना सर्रास 'पेलो मालो' म्हणजे वाईट केस म्हणतात, आणि शाळा-कचेऱ्यांत मुलींवर ते सरळ करण्याचा दबाव येतो. नैसर्गिक केस ठेवण्याची चळवळ गेल्या दशकात राजधानीत आणि न्यूयॉर्कमध्ये बरोबरीने वाढली आहे.

८. सामाना द्वीपकल्पात जोन्स, ग्रीन, जॉन्सन अशी आडनावं कशी? आणि कोकोलो कोण?

दोन वेगळे गट आहेत. त्यांची गल्लत करू नका.

सामाना: १८२४-२५ मध्ये ब्वायेच्या निमंत्रणावरून अमेरिकेतले सुमारे सहा हजार मुक्त कृष्णवर्णीय लोक बेटावर आले, बरेचसे फिलाडेल्फिया आणि न्यूयॉर्क भागातून. त्यांतले काही ईशान्येच्या सामाना द्वीपकल्पात स्थिरावले. मेथडिस्ट प्रार्थना आणि इंग्रजी बोली त्यांनी पिढ्यान्पिढ्या जपली. त्यांचं 'ला चुर्चा' हे लोखंडी चर्च सामाना गावात आहे. ही इंग्रजी आता मुख्यतः म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी उरली आहे.

कोकोलो: एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सेंट किट्स, नेव्हिस, अँग्विला, अँटिग्वा, तोर्तोला या बेटांवरून साखर कारखान्यांत काम करायला आलेले. केंद्र सान पेद्रो दे माकोरिस. मोरपिसांचा उंच मुकुट, आरसे आणि मणी लावलेला पोशाख, ड्रम आणि बासरीच्या तालावर बायबलमधले प्रसंग नाचून दाखवायचे, ही त्यांची गुलोया परंपरा. २००५ मध्ये युनेस्कोने तिला मान्यता दिली. नाताळात आणि १ जानेवारीला ते रस्त्यावर उतरतात. ग्वावाबेरी हे फळ रममध्ये मुरवून केलेलं पेय त्यांचंच.

९. पालोस, कोंगोस आणि गागा यांत फरक काय?

*पालोस* (आताबालेस असंही म्हणतात): लाकडाचा ओंडका पोखरून केलेले उंच ढोल, एका तोंडाला चामडं, हाताने वाजवायचे. सहसा तीन: सर्वांत मोठा 'पालो मायोर' बोलतो आणि बाकीचे 'आल्काउएते' त्याला ठेका धरून साथ देतात. संतांच्या सणाला, नवसाला आणि मयताच्या विधींना वाजतात. प्रदेश बदलला की ढोलांची संख्या, ठेका आणि गाणी बदलतात, म्हणून एका गावचं रेकॉर्डिंग ऐकून 'हेच पालोस' असं ठरवू नये.

*कोंगोस*: राजधानीच्या उत्तरेला व्हिया मेया इथली 'पवित्र आत्म्याची कोंगोंची बंधुसभा'. वसाहतकाळापासूनची ही सभा मुख्यतः पेंटेकॉस्ट या ख्रिस्ती सणाला आणि सभासदांच्या मयताला वाजवते. वाद्यं म्हणजे मोठा आणि छोटा कोंगो ढोल, होडीच्या आकाराची लाकडी कानोइता आणि माराकास. मृत्यूनंतर नवव्या दिवशी तीन पायऱ्यांचा चौथरा उभारून त्यावर मृताची बाहुली ठेवतात. तीन वर्षांनी 'बांको' होतो: पुन्हा तोच चौथरा, पुन्हा प्रार्थना, आणि मग आलेले सगळे कोंगोंवर नाचतात. त्यानंतर गेलेला माणूस पूर्वजांत गेला असं मानतात. युनेस्कोची मान्यता २००१.

*गागा*: हैतीच्या 'रारा'पासून आलेली, उसाच्या मळ्यांवरच्या बातेय नावाच्या मजूर वस्त्यांत वाढलेली. काळ पवित्र आठवडा, म्हणजे ईस्टरआधीचे दिवस. बांबूच्या नळ्यांतून प्रत्येक जण एकच सूर काढतो आणि सगळे सूर एकमेकांत गुंफून धून तयार होते. जोडीला पत्र्याचे कर्णे, ढोल आणि शिट्टी. रंगीत रुमालांचे घागरे घातलेले नर्तक काठ्या फिरवतात. मिरवणूक एका बातेयहून दुसऱ्या बातेयला चालत जाते.

१०. तिथे 'वूडू' चालतं का? ते हैतीसारखंच का?

डॉमिनिकन वोदू आहे. लोक त्याला बहुतेकदा 'एकवीस दिव्हिसिओनेस' म्हणतात. मिस्तेरिओस म्हणजे आत्मिक शक्ती, आणि त्या कॅथलिक संतांच्या रूपात पूजल्या जातात. सान मिगेल म्हणजे बेलिए बेलकान, सण २९ सप्टेंबर. सांता आना म्हणजे आनाइसा, सण २६ जुलै. हैतीच्या परंपरेशी नातं जवळचं आहे, पण इथे स्पॅनिश प्रार्थना, पालोस आणि घरगुती वेदी यांना जास्त स्थान आहे. त्याच घरात रविवारी चर्चला जाणं आणि संध्याकाळी वेदीपुढे दिवा लावणं यांत त्या माणसांना विसंगती वाटत नाही. सिनेमातल्या टाचणी टोचलेल्या बाहुल्यांचा या श्रद्धेशी संबंध नाही.

११. मेरेंगे आणि बचाता आफ्रिकन की स्पॅनिश?

मेरेंगेच्या वाद्यांतच उत्तर आहे: एकॉर्डियन युरोपातून आलेलं, तांबोरा ढोल आफ्रिकन परंपरेतला, आणि खरडून वाजवायची धातूची गुइरा. तांबोरा मांडीवर आडवा धरून एका बाजूला काठी, दुसऱ्या बाजूला तळहात असा वाजवतात. बचाता गिटारवर उभा आहे आणि १९६० च्या दशकात गरीब वस्त्यांतून पुढे आला. दीर्घकाळ प्रतिष्ठित घरांत त्याला मज्जाव होता. युनेस्कोने २०१६ मध्ये मेरेंगेला आणि २०१९ मध्ये बचाताला मान्यता दिली.

१२. डॉमिनिकन शेजारणीने दिलेल्या भातात तुरीचे दाणे होते. ते तिथे कसे?

तूर मुळात भारतातलीच. ती आफ्रिकेत गेली आणि गुलामांच्या व्यापारातून कॅरिबियनमध्ये पोहोचली. तिथे डाळ करत नाहीत. ओले किंवा उकडलेले दाणे भातात घालतात. पदार्थाचं नाव मोरो दे ग्वांदुलेस, सामाना भागात नारळाच्या दुधात.

दोन वाट्या लांब दाण्याच्या तांदळाला दीड वाटी शिजलेले ओले दाणे, एक वाटी नारळाचं दूध, दोन वाट्या दाण्यांचं पाणी. जाड बुडाच्या पातेल्यात तेलावर कांदा, लसूण, भोपळी मिरची, ओरेगॅनो, कोथिंबीर आणि चमचाभर टोमॅटोची पेस्ट परता. दाणे, मीठ, दूध, पाणी घालून उकळी आली की तांदूळ टाका. पाणी आटेपर्यंत झाकण न घालता अधूनमधून ढवळा. मग झाकून अगदी मंद आचेवर पंधरा ते वीस मिनिटं. चूक होते ती दोन ठिकाणी. पाणी आटायच्या आधी झाकलं तर खिचडी होते, आणि आटल्यावर सारखं ढवळलं तर शीत मोडतं. तळाला लागलेला खरपूस थर टाकू नका. त्याला कोनकोन म्हणतात आणि त्यासाठी घरात भांडणं होतात.

१३. हे सण बाहेरच्या माणसाला पाहता येतात का?

बहुतेक येतात. व्हिया मेयाला जायला राजधानीच्या मेट्रोची पहिली लाइन आहे. उत्तरेकडचं शेवटचं स्थानक मामा तिंगो. (शेतकऱ्यांच्या जमिनीसाठी लढलेल्या आणि १ नोव्हेंबर १९७४ ला मारल्या गेलेल्या फ्लोरिंदा सोरियानो यांचं हे लोकांतलं नाव.) पेंटेकॉस्ट ईस्टरनंतर सात आठवड्यांनी येतो, म्हणजे तारीख दरवर्षी बदलते, तिकीट काढण्यापूर्वी कॅलेंडर बघा. २४ जूनला सान हुआनच्या सणाला बानी इथे सारांदुंगा हा ढोलांवरचा नाच असतो.

गागामध्ये मिरवणुकीच्या प्रमुखाला आधी विचारा आणि वादक तुमच्यासमोर थांबून वाजवू लागले तर पैसे द्या. ती देणगी प्रथेचा भाग आहे. मयताच्या विधीत आणि कोणाच्या अंगात आलेलं असताना कॅमेरा बाहेर काढू नका.

१४. डॉमिनिकन लोक परदेशात कुठे आहेत? कधी गेले?

सर्वांत मोठी वस्ती अमेरिकेत, सुमारे २४ लाख: न्यूयॉर्कचं वॉशिंग्टन हाइट्स आणि ब्राँक्स, न्यू जर्सीतलं पॅटरसन, मॅसॅच्युसेट्समधलं लॉरेन्स, ऱ्होड आयलंडचं प्रॉव्हिडन्स. त्रुहियोच्या काळात देश सोडणं अवघड होतं. १९६१ मधली त्याची हत्या, १९६५ चा अमेरिकी लष्करी हस्तक्षेप आणि त्याच वर्षीचा अमेरिकेचा नवा स्थलांतर कायदा यांनंतर ओघ सुरू झाला. पण मॅनहॅटनमधला पहिला डॉमिनिकन १६१३ चा. सांतो दोमिंगोचा मिश्रवंशीय हुआन रोद्रिगेस डच जहाजावरून उतरला आणि व्यापार करत तिथेच राहिला. २०१२ पासून ब्रॉडवेच्या १५९ ते २१८ रस्त्यांदरम्यानच्या भागाला त्याचं नाव आहे. सिटी कॉलेजमधली १९९२ पासूनची डॉमिनिकन अभ्यास संस्था या विषयावरचं सर्वांत भरवशाचं केंद्र आहे.

स्पेनमध्ये प्रामुख्याने बायका गेल्या, घरकामासाठी, अनेक जणी नैऋत्येच्या बाराओना भागातून. त्यांतल्याच लुक्रेसिया पेरेस यांचा १३ नोव्हेंबर १९९२ ला माद्रिदच्या आरावाकात वंशद्वेषातून खून झाला. स्पेनने वंशद्वेषी म्हणून मान्य केलेला तो पहिला खून. पोर्तो रिकोत अनेक जण मोना सामुद्रधुनी 'योला' नावाच्या लहान होड्यांतून ओलांडून पोहोचतात, आणि काही कधीच पोहोचत नाहीत.

१५. डॉमिनिकन रिपब्लिकमध्ये जन्मलेले हैतीवंशीय आफ्रो-डॉमिनिकन मानायचे का?

आमच्या मते निःसंशय होय. कायद्याने मात्र त्यांची कोंडी केली आहे. २३ सप्टेंबर २०१३ च्या १६८-१३ या निकालाने घटनात्मक न्यायालयाने कागदपत्रं नसलेल्या परदेशी पालकांच्या मुलांचं नागरिकत्व १९२९ पर्यंत मागे जाऊन नाकारलं. २०१४ च्या १६९-१४ कायद्याने दोन गट केले. ज्यांचा जन्म नोंदवलेला होता त्यांना कागद परत मिळण्याची सोय झाली. ज्यांचा नोंदवलेला नव्हता त्यांना आधी स्वतःला परदेशी म्हणून नोंदवावं लागणार होतं; त्या मुदतीत जेमतेम पावणेनऊ हजार अर्ज आले. जन्माची नोंद नाही म्हणून ओळखपत्र नाही, ओळखपत्र नाही म्हणून महाविद्यालय, बँक खातं, औपचारिक नोकरी नाही, आणि पुढच्या मुलाचीही नोंद अडते. बातेयमध्ये जन्मलेल्या सोनिया पिएर यांनी २०११ मध्ये मृत्यू येईपर्यंत याच हक्कासाठी काम केलं.

१६. पूर्वज शोधायचे तर सुरुवात कुठून करावी?

आजी-आजोबांची दोन्ही आडनावं (वडिलांचं आणि आईचं), गाव आणि अंदाजे जन्मवर्ष लिहून काढा. मग फॅमिलीसर्च या संकेतस्थळावर डॉमिनिकन नागरी नोंदी मोफत पाहा. त्याआधीच्या काळासाठी चर्चच्या बाप्तिस्म्याच्या वह्या, सांतो दोमिंगोतलं राष्ट्रीय अभिलेखागार आणि सेव्हियाच्या इंडीज अभिलेखागाराचे कागद, जे स्पेनच्या पारेस पोर्टलवर फुकट उघडतात. नोंदीत 'मोरेनो लिब्रे' (मुक्त कृष्णवर्णीय), 'पार्दो' (मिश्रवंशीय), 'एस्क्लावो दे' (अमक्याचा गुलाम) असे शब्द शोधा. मिना, कोंगो, आंगोला, बियाफारा अशी आडनावं आफ्रिकेतल्या किनाऱ्याचा किंवा बंदराचा माग देतात, नेमक्या जमातीचा नाही. अनेकांना मालकाचं आडनाव मिळालं, म्हणून आडनाव जुळलं की नातं जुळलं असं धरू नका.

डीएनए चाचणी करणार असाल तर आकड्याकडे ढोबळ म्हणून पाहा. २०१६ मध्ये जाहीर झालेल्या अभ्यासात डॉमिनिकन नमुन्यांत सरासरी ४९ टक्के आफ्रिकन, ३९ टक्के युरोपीय आणि ४ टक्के मूळनिवासी अंश निघाला, पण माणसागणिक फरक मोठा असतो. कंपनीने माहितीसंच बदलला की तुमचा 'नायजेरिया' पुढच्या वर्षी 'बेनिन' होऊ शकतो.

१७. आमच्या मुलाची आई डॉमिनिकन, वडील मराठी. अमेरिकेच्या जनगणनेत काय लिहायचं?

२०२० च्या फॉर्मवर दोन प्रश्न वेगळे होते. 'हिस्पॅनिक मूळ' या प्रश्नाला होय म्हणून 'डॉमिनिकन' लिहायचं, आणि वंशाच्या प्रश्नात लागू असतील त्या सगळ्या चौकटींवर खूण करायची: इथे 'एशियन इंडियन' आणि 'ब्लॅक' दोन्ही चालतात. नेहमी होणारी चूक म्हणजे वंशाच्या रकान्यातही फक्त 'डॉमिनिकन' लिहिणं. असं उत्तर 'इतर वंश' यात मोजलं जातं आणि आफ्रिकन वारसा आकडेवारीतून गळून पडतो. मार्च २०२४ मध्ये केंद्र सरकारने दोन्ही प्रश्न एकत्र करण्याचा निर्णय घेतला. त्या रचनेतही एकापेक्षा जास्त चौकटी निवडता येतात. हिस्पॅनिकच्या चौकटीवर खूण केली म्हणजे झालं असं समजून थांबू नका, ब्लॅक आणि एशियनच्या चौकटीही बघा.